मुठीवर न मावलेला काना

मी एक मूठ बोलतेय. हाताची नव्हे, केबलच्या टोकाला असते ती. काळी, गोल, लिंबापेक्षा थोडी लहान. माझ्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'बंद'.

माझा जन्म एका डिझेल ट्रकसाठी झाला. जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन किल्ली फिरवून थांबत नसे. ड्रायव्हरने मला ओढलं की डिझेल तुटायचं आणि इंजिन आचके देत गप्प व्हायचं. कितीतरी वर्षं मी हेच केलं. मला ओढलं की प्रवास संपला, माणसं जेवायला मोकळी. माझ्याकडे बघून कुणी कधी हसलं नाही, पण मला हात लावल्यावर सुस्कारा मात्र प्रत्येकाने सोडला.

पुढे ट्रक भंगारात गेला. एका मिस्त्रींनी मला केबलसकट सोडवून आपल्या गॅरेजमधल्या खोक्यात टाकलं. तिथे मी नटबोल्टांच्या गर्दीत कितीतरी दिवस पडून होते. वाटलं, आता आपणच बंद.

एके दिवशी गॅरेजमध्ये एक जुनी, फिकट निळी मोटार आली. सोबत नवराबायको. नवरा सेवानिवृत्त ट्रकड्रायव्हर. बायको पन्नाशीनंतर गाडी चालवायला शिकलेली आणि त्याचा तिला फार अभिमान.

"सकाळी लागतच नाही हो," बाई म्हणाल्या. "आणि लागली तर तापल्यावर धूर सोडते."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. "वहिनी, हिचा चोक आपोआप चालणारा आहे. आत गुंडाळलेली स्प्रिंग असते. थंड असताना ती कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटते, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिन तापलं की झडप उघडते. पण आता ती स्प्रिंग म्हातारी झाली. कधी काय करेल, तिचं तिलाच कळत नाही."

"माझ्यासारखंच की," नवरा म्हणाला. "विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे, पुढच्या रविवारी येतोय."

गावाच्या दुसऱ्या टोकाला बाईंची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली होती. रोज सकाळी जाऊन ताईची वेणी घालायची, हा बाईंचा नेम. गाडी नसली तर दोन बस बदलायच्या, आणि बाईंचे गुडघे एका बसलाही राजी नव्हते.

"हाताने चालवायचा चोक बसवता येईल?" त्यांनी हळूच विचारलं.

"का नाही," मिस्त्री म्हणाले आणि त्यांचा हात खोक्यात, थेट माझ्यावर.

त्या दुपारी माझा पुनर्जन्म झाला. मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या कुशीतली स्प्रिंगची गोल डबी सोडवली, तिला ऊब देणारी गरम हवेची नळी बुजवली, डबीच्या जागी छोटी दांडी बसवली आणि तिला माझी केबल जोडून मला डॅशबोर्डवर बसवलं. काढून ठेवलेली स्प्रिंग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं बरं आहे. चुकलीस तर दोष हाताला. मी चुकले की म्हणायचे, गाडीच वाईट."

मिस्त्रींनी मला चार वेळा आतबाहेर करून झडपेकडे पाहिलं. बाहेर ओढलं की पूर्ण मिटते, आत ढकललं की पूर्ण उघडते. मग बाईंना सांगितलं, "सकाळी ओढायची, गाडी सुरू झाली की हळूहळू आत ढकलायची. बाहेर विसरलात तर पेट्रोलचा पूर येईल. तसं झालंच तर हिला आत ढकला, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवा आणि किल्ली फिरवा."

घरी जाताना बाई म्हणाल्या, "अहो, सात सकाळी पहिल्या किल्लीला लागली तर विकायची नाही."

"आणि नाही लागली तर?"

"तर विका. पण सात होईपर्यंत माझ्या चहात साखर नाही."

"साखर नको म्हणून डॉक्टरांनी चार वर्षं सांगितलं, तेव्हा ऐकलं नाहीस."

"डॉक्टरांशी माझा नेम नव्हता."

पहिल्या सकाळी बाईंनी डोळे मिटून क्षणभर हात जोडले, मला ओढलं, किल्ली फिरवली. गाडी लागली! आयुष्यभर इंजिनं झोपवणारी मी, त्या दिवशी एक जागं केलं. मला स्वतःचंच नवल वाटलं. दुसरा दिवस, तिसरा, सहावा. बाई कडू तोंडाने चहा पीत होत्या आणि गोड हसत होत्या.

शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने गाडी धुतली आणि सावलीत नेऊन लावली. लावली, आणि काय सांगू, त्याचा हात सरळ माझ्याकडे आला. तो हात मला अनोळखी होता, पण त्याची सवय पाठ होती. त्याने मला ओढलं. इंजिनात पेट्रोलचा पूर आला, त्याने काळा धूर ओकला, ठसके दिले. "हं, बंद होतेय," असं पुटपुटत त्याने किल्ली काढली आणि मला तशीच बाहेर लोंबत ठेवून तो घरात गेला.

रविवारची, सातवी सकाळ. बाईंनी हात जोडले. मी आधीच बाहेर आहे आणि आत कालचं पेट्रोल साचलंय, हे त्यांना कळलंच नाही. किल्ली फिरवली. घर्रर्र, घर्रर्र. नुसता पेट्रोलचा वास.

शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "झालं. गिऱ्हाईक अकराला येईल."

बाईंनी मिस्त्रींचं सांगणं आठवून मला आत ढकललं, अ‍ॅक्सिलेटर दाबून धरला आणि पुन्हा किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली आणि लागली.

"दुसऱ्या किल्लीला," बाई हळूच म्हणाल्या. "नेम मोडला."

नवरा माझ्याकडे बघत होता. माझ्या डोक्यावरचा शब्द त्याने बोटाने पुसून पाहिला.

"काल गाडी मी लावली," तो म्हणाला. "आणि ही ओढली. बंद लिहिलंय ना, हात आपोआप गेला."

"अहो, तो चोक आहे."

"तीस वर्षांत हाताला कुणी सांगितलं नाही तसं." त्याने फोन काढला. "हॅलो, येऊ नका. गाडीत दोष नाही, माझ्या हातात आहे. आणि हात विकायचा नाही."

बाई हसल्या, पण नेमाच्या बाबतीत ऐकेनात. पुन्हा एकपासून मोजायचं, साखर पुन्हा बंद. नवरा म्हणाला, "मग मलाही बिनसाखरेचा दे. चूक माझी."

त्या दुपारी बाईंनी 'बंद' खरवडून काढलं आणि नखांच्या लाल रंगाने नवीन शब्द लिहिला. नवऱ्याने चष्मा लावून वाचला.

"ओढ? मला अरेतुरे करतेस?"

"ओढा लिहीत होते हो. पण मूठ एवढीशी, काना मावला नाही."

"मग वाचणारा विचारेल, कसली ओढ?"

"सांगा त्याला, ताईची," बाई म्हणाल्या.

आज दुसऱ्या फेरीची सातवी सकाळ. गाडी पहिल्या किल्लीला लागली आहे. मागच्या सीटवर कंगवा आहे, चहाचा थर्मास आहे आणि साखरेची डबी आहे, कारण पहिला गोड कप ताईंसोबतच प्यायचा असं ठरलंय. नवरा शेजारी बसलाय, हात मांडीखाली दाबून.

वाचकहो, एवढंच मागणं आहे. मला ओढा, जरूर ओढा, पण गाडी तापली की आठवणीने आत ढकला. आता निरोप द्या. बाईंनी गिअर टाकलाय, आणि तिकडे ताई केस मोकळे सोडून दाराकडे बघत असतील.