अठरा व्होल्टची चिप

काल खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांच्या क्लबातल्या होल्गरकडे चिपचं पाकीट पाहिलं, तेव्हाच वोल्फ्रामला हसू फुटलं होतं. इंजिनात बसून शिट्टी आणि वाफेचा आवाज काढणारी ती चिप टेबलावरच्या इवल्या गाड्यांसाठीची. पाकिटावर ठळक छापलेलं, अठरा व्होल्टच्या वर नको. क्लबच्या बागेतल्या मोठ्या गाड्यांच्या रुळांत मात्र बावीस व्होल्ट खेळतात. पण या शहाण्याला सांगणार कोण? गाढवापुढे वाचली गीता! वोल्फ्राम गप्प बसला.

आज बागेत सगळे जमल्यावर होल्गरने नवं हिरवं इंजिन रुळावर ठेवलं. एक शिट्टी झाली, दुसरी घशातच मेली आणि इंजिन धुमसू लागलं. लोकांनी ती गमतीची वाफच समजून टाळ्या पिटल्या.

"धूर चिमणीतून नाही, बुडातून निघतोय, मूर्खांनो!" वोल्फ्राम प्लमचा केक चावत म्हणाला.

होल्गरचा चेहरा उतरला. "घरी टेबलावर तर छान वाजत होतं. इथल्या रुळांतच काहीतरी खोट आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं! अठराची चिप बाविसावर चढवलीस, बाळा. पाकीट बघितलं तेव्हाच मला कळलं होतं."

"मग कालच बोलला का नाहीस?" होल्गरची बायको गुद्रुन म्हणाली.

"अक्कल फुकट वाटत नाही मी."

गुद्रुनने जळकं इंजिन उचलून त्याच्या केकच्या बशीशेजारी ठेवलं. पलीकडच्या अंगाला पितळी अक्षरांत 'वोल्फ्राम' असं नाव होतं.

"वाढदिवसाआधी भेटीबद्दल बोलणं अपशकुनी, म्हणून आम्हीही गप्प होतो," ती म्हणाली. "घे, तुझीच भेट. सत्तरीच्या शुभेच्छा."