आईबाप न काढता, एका पानात

उत्रोलीत ठकुबाईच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. तिची शिवी म्हणजे रस्त्यावरची फेकाफेक नव्हे. समोरच्याचं शेत, त्याची गुरं, त्याची चाल, त्याची सोयरीक, सगळं तोलून ती त्याच्या मापानं बेतलेली असायची. एकाला दिलेली दुसऱ्याला द्यायची नाही, हा तिचा नेम. पोलीसपाटीलसुद्धा तिच्या दारावरून जाताना मोबाईल कानाला लावायचा, पलीकडं कुणी नसलं तरी.

आणि अशा बाईच्या घरात सून आली शेफाली. पोरगी गुणाची, पण आवाज असा की मांजराला हाकललं तर ते जवळ येऊन बसायचं. भात लावायला चिखलात उतरली की रोपाला विचारायची, लागलं का गं. तरी ठकुबाईनं हट्टानं तिला विद्यापीठात घातली, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करवली, आणि गिरणीत दळण टाकताना अक्काबाईला सांगून मोकळी झाली की दिवाळीच्या आत आमची सून सायबीण व्हती का न्हाई बघ. अक्काबाई पदरावरचं पीठ झटकत म्हणाली, "बघू की." ते 'बघू की' ठकुबाईच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं.

दिवाळी जवळ आली. एका संध्याकाळी ठकुबाई भाकऱ्या थापत होती, तर शेफाली तोंड पाडून शेजारी येऊन बसली.

"आत्या, चार कंपन्यांना सीव्ही पाठवली. एकीचंही उत्तर नाही."

आता सीव्ही म्हणजे आपण कोण, काय शिकलो, काय काय येतं, याची माहिती. नोकरी हवी तर ती आधी धाडावी लागते. पण ठकुबाईच्या कानाला ओळखीचा शब्द एकच होता. तिनं ऐकलं 'शिवी'.

भाकरी तव्यावर वाकडी पडली.

"चार कंपन्यांना?"

"हो."

"हितं बसून?"

"मोबाईलवरून."

ठकुबाईनं सुनेकडं नव्यानं पाहिलं. "आन् उत्तराची वाट बघतीस व्हय? अगं, शिवी धाडल्यावर कोन उत्तर दील?"

ठकुबाई एस.टी.ला यष्टी म्हणायची, तेव्हा सीव्हीची शिवी झाली यात शेफालीला काही नवल वाटलं नाही. "चांगली असली तर बोलावतात हो आत्या. विद्यापीठात सुलक्षणा मॅडम आहेत, पोरांना नोकरीचं मार्गदर्शन करतात. त्यांनी माझी वाचली. म्हणाल्या, फार मिळमिळीत आहे."

"तुझी मिळमिळीत नसंल तर कुनाची आसंल."

"दमदार पाहिजे म्हणाल्या. ज्या कंपनीला द्यायची तिच्या मापाची. एकच सगळ्यांना चालत नाही."

"बाई हुशार दिसती."

"आणि एका पानात बसली पाहिजे."

"माझी तीन वाक्यांत बसती."

"आणि वडलांचं नाव, जात, लग्न, असलं काही काढायचं नाही त्यात. ती जुनी पद्धत झाली."

इथं मात्र ठकुबाई अडली. "बापाला न्हाई काढायचा?"

"नाही."

"आईला?"

"कुणालाच नाही. ज्याचं त्याच्यापुरतं."

ठकुबाई तव्याकडं बघत राहिली. भाकरीतून धूर निघायला लागला. सगळी हयात या कामात गेली, आणि पुण्यात बसलेली कोण बाई म्हणते आईबाप काढायचे नाहीत. मग शिवीत उरतं काय? मीठ न घालता कालवण केल्यातली गत. पण काम अवघड होतं, आणि अवघड काम दिसलं की ठकुबाईचे हात शिवशिवायचे.

"शुक्रवारी नसरापूरला बियाण्याच्या कंपनीत थेट मुलाखती आहेत, सीव्ही हातातच न्यायची," शेफाली म्हणाली. "ही शेवटची. ही नाही लागली तर मी नाद सोडते. शेतातच राबते तुमच्याबरोबर."

"कशाला, रोपांची माफी मागायला? गप ऱ्हा. म्या बघती."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सुलक्षणा मॅडम मोबाईलवर दिसत्या झाल्या. मुलाखतीची तालीम घ्यायची होती. शेफालीनं मोबाईल ओटीवर हंड्याला टेकवून ठेवला. मागं ठकुबाई तांदूळ निवडत बसली, म्हणजे तांदूळ हातात होते एवढंच.

"शेफाली, स्वतःबद्दल सांगा," मॅडम म्हणाल्या.

"मी... तसं काही विशेष नाही, मॅडम."

"तुम्ही भातावरच्या रोगांचा अभ्यास केलाय ना? मोठ्यानं सांगा."

"केलाय थोडासा."

ठकुबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि सुनेच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये तोंड घातलं. "मॅडम, तिची ऱ्हाऊ द्या. म्या बेतलीया ती आयका. बियान्याच्या कंपनीसाठीच हाय, आन् आईबाप काढलं न्हाईत." मग मान ताठ करून तिनं सुरू केलं, "तुमच्या भाताला लोंब यील, पर पांढरी फटक यील. दाना म्हून भरायचा न्हाई. आसा करपा पडंल, आसा करपा पडंल, की गेटावरचा वॉचमन बी करपंल."

मोबाईलमध्ये मॅडमचे डोळे तेवढे हलत होते.

"आत्या, चुकतंय ते," शेफाली म्हणाली.

ठकुबाईनं मागं वळून पाहिलं. तिची शिवी चुकते असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. ज्यांनी खाल्ली त्यांनीसुद्धा नाही.

"काय चुकतंय?"

"लोंब पांढरी पडली तर करपाच म्हणायची घाई करू नये. आधी ओढून बघायची. अलगद हातात आली तर खोडकिडा. अळी आत बसून कांडं पोखरते. करप्याचे पानावर डोळ्यासारखे ठिपके दिसतात, मधे राखाडी, कडेनं तपकिरी. मी दोन हंगाम हेच केलंय, वेल्ह्याच्या खाचरांतून जळवा झटकत नमुने गोळा केलेत. एकाचं नाव दुसऱ्याला दिलं की औषध वाया जातं आणि भातही."

आवाज पार गोठ्यापर्यंत गेला. म्हशीनं मान वर केली.

"हेच," मॅडम म्हणाल्या. "उद्या असंच बोला. आणि सासूबाई, एक सांगू का, सीव्ही म्हणजे..."

शेफालीचा अंगठा लाल बटणावर पडला. "रेंज गेली," ती म्हणाली, आणि तोंडात ओढणी कोंबून बराच वेळ खोकत राहिली. ठकुबाईनं तिला पाणी दिलं. खोकला काही थांबेना. मधेच तिनं सासूकडं पाहिलं, काही सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा खोकला.

शुक्रवारी दोघी खच्चून भरलेल्या वडापच्या रिक्षानं नसरापूरला उतरल्या. ठकुबाई बाहेरच्या बाकड्यावर बसली. दार अर्धं उघडं होतं, आणि मिटलेल्या दारातूनही तिला ऐकू आलं असतं. आत साहेब होते, लांबरुंद मिशीचे, कडेनं मिशी पिकलेली.

"सीव्ही चांगली आहे तुमची," साहेब म्हणाले. बाहेर ठकुबाईनं पदर सारखा केला. "पण काम टेबलावरचं नाही. पीक गेलं की शेतकरी चिडून येतो, तोंडाला येईल ते बोलतो. आधीचा मुलगा त्यापायीच सोडून गेला. तुमचा तर आवाजही ऐकू येत नाही."

ठकुबाईनं बाकड्याची कड धरली. आता पोरगी 'काही विशेष नाही' म्हणाली की संपलं, मग आहेच चिखल आणि अक्काबाई.

"शिव्यांची सवय आहे, सर," शेफाली म्हणाली. "चिडलेला माणूस शिवीतच रोग सांगत असतो. ऐकून घेतलं की कळतो."

साहेब हसले. "बोलायला ठीक आहे."

"बाहेर सासूबाई बसल्यात. बोलावू?"

ठकुबाई आत आली. साहेबांना तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माप घेतल्यासारखं.

"आत्या, साहेबांच्या बियाण्यानं तुमचं भात गेलं असं समजा."

समजायला ठकुबाईला वेळ लागला नाही. "सायबा," ती म्हणाली, "बियानं दिलंस का भुस्सा? तुझ्या मिशीवानी माझं भात कडंनं वाळलं. तुझ्या खुर्चीला वाळवी लागंल, तुझ्या पंख्याला वारा यायचा न्हाई, आन् तुझ्या डब्यातला भात जलमभर कच्चा ऱ्हाईल."

शिपाई चहा घेऊन आला होता, तो दारातूनच परत गेला.

"आत्या, पानं कडेनंच वाळली ना? टोकाकडून खाली?" शेफालीनं शांतपणे विचारलं.

"व्हय," ठकुबाई म्हणाली. असं मधेच विचारायची पद्धत तिला नवी होती.

"मग हा साधा करपा नाही, कडा करपा दिसतोय. खाचरातलं पाणी काढा, युरिया थांबवा. उद्या मी बांधावर येऊन बघते."

ठकुबाईला पुढची शिवी सुचेना. राग धरायला जागाच ठेवली नव्हती पोरीनं.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि हिच्या कडेचं?"

"त्याला औषध नाही, सर."

"सोमवारी या कामावर," साहेब म्हणाले. मग ठकुबाईकडं वळून जरा चाचरत, "आजी, ते पंख्याचं परत घेता का?"

"पंख्याचं घेतलं," ठकुबाई म्हणाली. "खुर्चीचं बघू पुढं."

दुसऱ्या दिवशी दळण नव्हतं, तरी ठकुबाई गिरणीत गेली. अक्काबाई होतीच.

"लागली म्हनं सून."

"लागली."

"वशिला का काय?"

"वशिला कशाचा? शिवीवर लागली. सायब म्हनला, चांगली हाय."

अक्काबाईचा पुतण्या संघपाल भोरला एम.कॉम. होऊन घरी बसला होता. ती जरा जवळ सरकली. "आमच्या संघपालला बी दिशील का?"

"धाड त्याला," ठकुबाई म्हणाली. "येका पानात बसवून दीन. पर सांगून ठेवती, आईबाप काढनार न्हाई. ती जुनी पद्धत झाली."