उजवीकडची चौकट

"आता बघ." आस्गरने फोन काउंटरवरून तिच्यासमोर सरकवला. "पापणी लवायच्या आत उघडतं की नाही?"

"माझ्या पापण्या सत्तरीच्या झाल्या. त्यांना लवायलाच वेळ लागतो," गुड्रुन म्हणाली. तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या खोलीत जाऊन ती एक बशी घेऊन आली. बशीत केकचे पाच-सहा प्रकार दाटीवाटीने बसवले होते. "आधी खा."

आस्गर मायकेलसनला केकचा आग्रह करावा लागत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. गावातल्या निम्म्याअधिक दुकानांच्या वेबसाइट त्यानेच बनवल्यात. लोनेच्या केशकर्तनालयाची, गवंड्याची, सॉसेजच्या टपरीची, आणि ही गुड्रुनच्या लोकरीच्या दुकानाची. पूर्वी तो आमच्या साप्ताहिकात जाहिराती जुळवायचा. साप्ताहिक बंद पडलं, तेव्हा पन्नाशीला आलेला हा माणूस घरी बसून हे नवं काम शिकला, आणि चांगलं शिकला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच भूत आहे, फोनचं. "कॉम्प्युटरवर वेबसाइट फक्त दुकानदार बघतो," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. "गिऱ्हाईक बघतं फोनवर. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताचा अंगठा. अंगठा जिथं पोचत नाही, ते नसल्यातच जमा." यात खोटं काहीच नव्हतं. हुशार माणूस आहे तो. पण हुशार माणसाची चूक त्याच्या हुशारीच्याच पोटातून निघते.

या खेपेला त्याने लोकरीचे सगळे फोटो पटकन उघडावेत म्हणून हलके केले होते. हलके करूनही लाल तो लालच दिसत होता, याचा त्याला फार अभिमान होता. दुकानाच्या वेळा सगळ्यात वर, फोन करायचं बटण ठसठशीत. हेच दाखवायला तो मंगळवारी सकाळी आला होता, आणि गुड्रुन बघत नव्हती.

"हा राय धान्याच्या पावाचा केक ना?" त्याने दुसरा तुकडा उचलला. "आई गेल्यापासून असा खाल्ला नाही बघ."

"मग हवा तेवढा खा. डबे भरलेत."

"एवढा कसला बेत केला होतास?"

गुड्रुनने फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेला काउंटर पुसायला लागली. "शनिवारी खुलं घर होतं. दुकानाला चाळीस वर्षं झाली."

आमच्याकडे अशा वेळी कुणी कुणाला बोलवत नाही. बोलावणं म्हणजे भेटवस्तू मागणं. कुठेतरी एका जागी लिहायचं, अमुक दिवशी आमचं दार उघडं आहे, आणि गप्प बसायचं. ज्याला यायचं तो येतो, आणि न येणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही. ओळखीच्या माणसाला तोंडाने सांगणं म्हणजे आपला ढोल आपणच पिटणं, आणि ते या गावात अजून कुणी केलेलं नाही. लिहायची ती एक जागा म्हणजे पूर्वी साप्ताहिकाचं शेवटचं पान. ते पान आस्गरच जुळवायचा.

"मग? गर्दी झाली असेल," तो तोंडात घास ठेवून म्हणाला.

"तू कुठं आलास?"

"अगं, मला कुठं माहीत—"

"वेबसाइटवर लिहिलं होतं की. उजवीकडच्या चौकटीत. तूच शिकवलंस ना, काही बातमी असली की इथं लिही, साऱ्या गावाला दिसेल?" तिने लेकीकडून आलेल्या जुन्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. लिहिलेलं होतं. नीट, शुद्ध, तारीख-वारासकट. कॉफी मिळेल, सगळ्यांचं स्वागत आहे. महिनाभर तिथेच होतं ते.

आस्गरने काउंटरवरच्या फोनकडे पाहिलं. फोनवर ती चौकट नव्हती. असणारच नव्हती, कारण उन्हाळ्यात त्याने स्वतःच ती लपवली होती. वर्षानुवर्षं ती रिकामी असायची, आणि फोनच्या अरुंद पडद्यावर लोकरीच्याही वर येऊन बसायची. म्हणून त्याने एक ओळ लिहिली होती, फोनवर ही दाखवू नये. कॉम्प्युटरवर ती तशीच राहिली. गुड्रुनकडे बटणांचा जुना फोन. ती जे बघायची ते या कॉम्प्युटरवर, आणि गाव जे बघायचं ते फोनवर. तिला सांगायचं राहून गेलं, असं म्हणणंही बरोबर नाही. त्याला ते सुचलंच नव्हतं.

"कुणीच नाही आलं?" त्याने विचारलं. 

"आला ना, पार्सलवाला. पोलंडचा आहे वाटतं, बरा पोरगा आहे. त्याला दोन तुकडे खायला घातले. अभिनंदन म्हणाला." गुड्रुनचं फडकं थांबलं. "सगळं मांडलं होतं रे. सात मऊ केक, सात कडक, आईच्या वेळेला असायचे तसे. पोरीला म्हटलं, गर्दी होईल, तू पुढच्या आठवड्यात ये. बाहेर झेंडा लावला, आनंदाच्या दिवशी लावतात तसा. सूर्य मावळला, मी झेंडा उतरवला."

आस्गरने बशी बाजूला सारली.

"रविवारी दिवसभर शोधत बसले, मी या लोकांचं काय वाईट केलं. बरंच सापडलं. लोनेला एकदा म्हणाले होते, तू विणतेस की मासे पकडायचं जाळं करतेस. कर्स्टनची आई गेली तेव्हा फुलं पाठवली, पण स्वतः गेले नाही. माणसं असलं मनात ठेवतात, आस्गर. मला वाटायचं, मी जरा फटकळ आहे पण चालते यांना. चालत नव्हते." ती हसली, आणि ते हसणं बघवत नव्हतं. "नवीन वर्षाला दुकान बंद करते. पोरीकडे जाते, ऑर्हुसला. इथं आता रस्त्याने जायचीसुद्धा लाज वाटते."

बोलायची वेळ हीच होती. दोन वाक्यांचं काम. तिने त्याला चार शिव्या दिल्या असत्या, त्याने ऐकून घेतल्या असत्या, संपलं असतं. पण ज्या माणसाने उभं गाव फोनबद्दल शहाणं केलं, त्याच्या तोंडून ती दोन वाक्यं निघेनात.

"मी वाचलं होतं गं," तो म्हणाला. "पण शनिवारी फ्लेन्सबोर्गला गेलो होतो. बिअर आणायला."

फ्लेन्सबोर्ग सीमेपलीकडे, तिथं बिअर स्वस्त. आमच्यातला प्रत्येक जण बिअरसाठी तिकडे जातो, त्यामुळे हे कारण कुणालाही खपतं. खरं म्हणजे शनिवारी तो दोन गल्ल्या पलीकडे, स्वतःच्या घरात, तिच्याच लोकरीचे फोटो हलके करत बसला होता.

गाडीत बसल्या बसल्या त्याने मांडीवर कॉम्प्युटर उघडला आणि ती एक ओळ काढून टाकली. फोनवर चौकट आली. लोकरीच्या वर, ऐटीत, होऊन गेलेल्या तारखेसकट. आता चूक राहिली नाही, असं त्याला वाटलं. घाबरलेल्या माणसाला निस्तरणं आणि लपवणं यांतला फरक कळत नाही.

दुसऱ्या दिवशी लोनेने गुड्रुनच्या दुकानाची वेळ बघायला फोन उघडला आणि ती किंचाळली. तिच्या खुर्चीवर अर्धे केस कापून घेतलेली कर्स्टन बसली होती, तिनेही पाहिलं. संध्याकाळपर्यंत आम्हा सगळ्यांना कळलं. आणि आम्हा प्रत्येकाला वाटलं की हे महिनाभर इथंच होतं, आंधळे आपणच.

लोनेने आस्गरला फोन लावला. "अरे, तुला दिसलं होतं का हे? मी दर दोन दिवसांनी तिची साइट बघते, नवी लोकर आली का म्हणून! माझे डोळे फुटले होते का? शनिवारी झेंडा पाहिला मी, म्हटलं वाढदिवस असेल, घरगुती असेल, आपण कसं घुसायचं."

"होतं असं कधीकधी," आस्गर म्हणाला.

हे म्हणून झाल्यावर मात्र त्याला स्वतःची किळस आली. फोनवर लोनेच्या श्वासावरून ती रडतेय हे त्याला कळत होतं. त्याची लाज आता दुसरेच लोक वाहत होते, आणि तो वाहू देत होता.

शुक्रवारी दुपारी तो फुलं घेऊन दुकानाकडे गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. दार उघडलं तर आत आठ-दहा बायका आणि सॉसेजच्या टपरीचा मालक, सगळे कोट घालून, फुलं नि बाटल्या हातात धरून, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे उभे. काउंटरमागे गुड्रुन. ती एकेकाकडून फुलं घेत होती आणि एकेकाला "चालायचंच" म्हणत होती. बसा म्हणत नव्हती. कॉफीचं नाव नव्हतं. आमच्याकडे फुलं घेऊन कॉफी न विचारणं यापेक्षा तोंडावर दार आपटणं बरं.

"माझ्या नजरेतून सुटलं गं, गुड्रुन," लोने म्हणाली. "खरंच सुटलं."

"चालायचंच. कामात असतेस."

"मी तर पाहिलं होतं," कर्स्टन घाईघाईने म्हणाली. बिचारीला वाटलं, न पाहण्यापेक्षा विसरणं बरं दिसेल. "अगदी ठरवलं होतं यायचं. ऐनवेळी डोक्यातून गेलं बघ."

"म्हणजे पाहिलं होतंस," गुड्रुन म्हणाली. तिने कर्स्टनची फुलं घेतली आणि न बघता बाजूला ठेवली. "लाज वाटली म्हणून आलात सगळे, ते कळलं मला. बरं केलंत. आता जा, थंडी आहे." मग तिची नजर दाराकडे गेली. "आणि आस्गर, तू कशाला फुलं आणलीस? तू तर गावातच नव्हतास. तुझं काही नाही यात."

सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच जणांच्या नजरेत हेवा होता. सुटला बेटा, असा.

"मी घरीच होतो," आस्गर म्हणाला.

"काय?"

"शनिवारी. घरीच होतो. आणि मी वाचलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं, गुड्रुन. ती चौकट फोनवर दिसतच नव्हती. मीच लपवली होती, उन्हाळ्यात, आणि तुला सांगितलं नाही. मंगळवारी तुझ्याकडून निघालो आणि गाडीत बसून गुपचूप परत दाखवली. यांना बुधवारी पहिल्यांदा दिसली."  "यांचा काही दोष नाही."

"आणि मला म्हणालास, होतं असं कधीकधी?" लोने म्हणाली. "दोन रात्री झोपले नाही रे मी."

 

गुड्रुन त्याच्याकडे बघतच नव्हती. ती कर्स्टनकडे बघत होती. "मग तू कुठं पाहिलंस?"

कर्स्टन कानापर्यंत लाल झाली. "कुठंच नाही. खोटं बोलले."

"कुणालाच माहीत नव्हतं?"

"अगं, माहीत असतं तर या बाईने सकाळपासून ठाण मांडलं असतं," टपरीवाला लोनेकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि मी टपरी बंद करून आलो असतो. सात मऊ, सात कडक! वेड लागलंय का, सोडेल कोण?"

कुणीतरी हसलं. गुड्रुन मागच्या स्टुलावर खाली बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तिचा चेहरा आधी वाकडा झाला, मग हळूहळू सरळ झाला. मग ती उठली.

"लोने, कोट काढ," ती म्हणाली. "कर्स्टन, तूही काढ. डबे फ्रीजरमध्ये आहेत, कडक तर आहेत तसेच आहेत. बसायला लोकरीचे खोके घ्या."

ती एकेकाचे कोट घेऊन खुंटीवर अडकवत गेली. आस्गरपाशी आली, आणि त्याच्या कोटासाठी तिने हात पुढे केला नाही. शिवीही दिली नाही. त्याच्या शेजारून ती कॉफीचं भांडं आणायला आत गेली.

त्याने फुलं फडताळावर हिरव्या लोकरीशेजारी ठेवली, बाहेर आला आणि दार सावकाश ओढून घेतलं. आत खोके सरकत होते, कपबश्या वाजत होत्या, लोनेचा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्याने जायला हवं होतं, पण पाय निघेना. काचेतून त्याला दिसलं, गुड्रुन पाण्याची बरणी घेऊन सगळ्यांची फुलं गोळा करत होती. फडताळापाशी ती थांबली. मग त्याची फुलंही तिने उचलली आणि त्याच बरणीत, इतरांच्या मध्ये, खोचून ठेवली.