खुर्चीत बसल्याशिवाय

आमच्या घरात बाहेरगावी निघायचं म्हणजे आधी बाबांच्या खुर्चीत बसायचं. बॅगा नंतर, आधी डोकी. बाबांचं सलून आहे आणि आमच्यापैकी कोणीही आजवर दुसऱ्या कोणाच्या कात्रीखाली मान दिलेली नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा लग्न ठरल्याबरोबर त्याचा जुना न्हावी सोडावा लागला. बिचारा थोडा कुरकुरला, पण सासऱ्यांपुढे कोणाचं काय चालतं?

त्यामुळे या वेळी डोंगरातल्या त्या रिसॉर्टवर आम्ही गाडीतून उतरलो, तेव्हाचा आमचा अवतार बघण्यासारखा होता. नवऱ्याचे केस कानांवर आलेले. धाकटा भाऊ बाळ्या, जो एरवी टाय लावून बँकेत बसतो, त्याने मागे चक्क रबरबँड लावलेला. माझ्या डोक्याबद्दल न बोललेलंच बरं. आणि माझी लेक चिमणी कपाळावरच्या केसांच्या झालरीतून जगाकडे बघत होती. नीटनेटकी काय ती आई, कारण ती अंबाडा घालते. आणि बाबा, कारण त्यांना टक्कल आहे. रिसेप्शनवरच्या बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि खोल्या कोपऱ्यातल्या दिल्या.

या वेळी कोणीच बाबांकडे गेलं नव्हतं. नवऱ्याने ऑफिसचं काम पुढे केलं, बाळ्याने फॅशन, मी चिमणीचा खोकला. खरं कारण सगळ्यांचं एकच होतं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता.

मला ते उन्हाळ्यातच कळलं. माझे केस कापताना कात्री कानाला लागली. बारीकसंच लागलं होतं, पण बाबांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तुरटी फिरवली आणि उरलेले केस कापले. पुढे बाळ्याने त्यांना चहाचा कप दोन्ही हातांनी धरताना पाहिलं. मग आम्ही बहीणभावांनी ठरवलं, की पानगळीच्या दिवसांत शनिवार-रविवार कुठेतरी निवांत जायचं आणि बाबांना सांगायचं, आता दुकान बंद करा, एखाद्या गिऱ्हाइकाला लागण्याआधी. सांगायचं मी. "ताई, तू मोठी आहेस," असं बाळ्या म्हणाला. काम अवघड असलं की त्याला माझं वय आठवतं.

अडचण अशी, की आमच्या घरात महत्त्वाचं काहीही समोरासमोर बोललं जात नाही. ते सगळं त्या खुर्चीत. अंगावर कापड, मान खाली, मागे बाबा आणि कात्रीचा आवाज. मी गणितात नापास झाले ते तिथेच सांगितलं. लग्न कोणाशी करायचंय तेही तिथेच सांगितलं, कात्री जरा थांबली, "मुलगा काय करतो?" असा प्रश्न आला आणि कात्री पुन्हा सुरू झाली. बाबांचंही तसंच. आजी आता वाचायची नाही, हे त्यांनी मला माझ्या केसांची टोकं सारखी करताना सांगितलं. जेवायच्या टेबलावर हाच माणूस मीठ मागण्यापलीकडे तोंड उघडत नाही. लहानपणी केस फार बारीक झाले म्हणून आम्ही भोकाड पसरलं, की ते स्वतःच्या टकलावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "रडू नको. केस वाढतात."

रिसॉर्ट छान होतं, खोटं कशाला बोलू. लाकडी खोल्या, पुढे व्हरांडा, समोरचा सगळा उतार पिवळा-तांबडा झालेला. पत्र्यावर पानं पडल्याचा आवाज सतत यायचा आणि कुठूनतरी जळत्या लाकडांचा वास. शनिवारी आम्ही तळ्यापर्यंत चालत गेलो. बाबा सावकाश चालत होते, उजवा हात कोटाच्या खिशात. मी पाय ओढत त्यांच्याबरोबर मागे राहिले.

"बाबा," मी म्हटलं.

"काय गं?"

"थंडी वाजत नाही ना?"

"नाही."

झालं, संपलं. पुढे जाणाऱ्या बाळ्याने वळून भुवया उंचावल्या. मी नुसती मान हलवली.

रात्रीच्या जेवणात आधी सूप आलं. बाबांनी चमचा बाजूला ठेवला, वाडगा उचलून तोंडाला लावला. चिमणीला ते फारच आवडलं. तिनेही तसंच केलं आणि आजोबा-नात दोघांना पांढऱ्या मिशा आल्या. आम्ही हसलो. मी आणि बाळ्या मात्र लगेच पुन्हा आपापल्या वाडग्यात बघायला लागलो.

"या दोघांची तोंडं बघा," आई म्हणाली. "सुट्टीला आलीत की परीक्षेला? आणि हे एक. जाड स्वेटर घ्या म्हटलं तर स्वेटर काढून बॅगेत काय भरलं, तर कात्र्यांचा डबा."

"असू दे," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आले, तर बाबांनी तिथली लाकडी खुर्ची उचलून झाडांकडे तोंड करून ठेवली होती. खुर्चीच्या पाठीवर रिसॉर्टचा पांढरा टॉवेल. कठड्यावर डबा उघडा, कंगवे-कात्र्या ओळीने मांडलेल्या, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली भरलेली. नवरा बाहेर आला, त्याने ते पाहिलं, आणि त्याला एकदम पक्ष्यांची आवड उत्पन्न झाली. तो झाडीत दिसेनासा झाला. बाळ्याला गाडीच्या टायरमधली हवा बघायची होती. माझ्या घरचे पुरुष असे शूर आहेत.

राहिली चिमणी. ती धावत येऊन खुर्चीपाशी उभी राहिली. "आजोबा, माझे कापा. मला काही दिसतच नाही."

तिचे डोळे आणि ती कात्री, एवढंच डोळ्यांपुढे दिसायला लागलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तुझे नंतर. आधी तुझ्या आईचे." आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

कान गेला तर गेला, असं मनाशी म्हणून मी बसले.

त्यांनी टॉवेल मानेभोवती नीट खोचला. केसांवर पाणी मारलं. मग कंगवा फिरू लागला, डाव्या हाताने, हळू आणि सफाईदार. मी मान खाली घालून कात्रीची वाट बघत होते. ती येईचना. कंगवाच फिरत राहिला, एवढा वेळ, की माझे विस्कटलेले केस पार चापूनचोपून बसले असतील.

"मी आता कात्री धरत नाही," बाबा मागून म्हणाले. "दुकानात. बरेच दिवस झाले."

"मग गिऱ्हाइकं?"

"पलीकडच्या चौकातल्या सलूनात पाठवतो. आज कंबर धरलीय म्हणतो. सकाळी जाऊन शटर उघडतो, आरसा पुसतो, पेपर वाचतो. संध्याकाळी बंद करून घरी."

"आईला माहीत आहे?"

"तिला कधी सांगावं लागतं का काही?"

"मग आम्हाला का नाही सांगितलंत, बाबा?"

कंगवा थांबला.

"कधी सांगणार?" ते म्हणाले. "कोणी बसलंच नाही. म्हटलं, सहलीच्या आधी येतील सगळे, तेव्हा सांगू. जावई नाही आले. बाळ्या नाही आला. तू पण नाही आलीस."

मला काय वाटलं ते कसं सांगू? आम्ही इतके दिवस स्वतःला फार समजूतदार समजत होतो. बाबांना जपायचं म्हणून त्यांच्यापासून कात्री दूर ठेवली, आणि त्यांची बोलायची एकुलती एक जागाच काढून घेतली. शहाण्यासारखं वागायला गेलो आणि त्यांना त्या रिकाम्या दुकानात एकटं बसवून आलो.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल," मी म्हटलं.

"कळत होतं ते मला. पण एकटा पडलो गं."

ते हे इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मला मान वर करवेना. कंगवा पुन्हा सुरू झाला.

"दुकान बंद करतोय," ते म्हणाले. "खुर्ची घरी आणणार. खिडकीजवळ बसेल म्हणते तुझी आई."

"भीती वाटते का, बाबा?"

"वाटते. सकाळी उठलं की हात कामाला लागायला बघतात. त्यांना काय सांगायचं, ते कळत नाही."

मी टॉवेलच्या खालून हात बाहेर काढला आणि मागे नेऊन त्यांचा उजवा हात धरला. तो माझ्या हातात थरथरत होता. त्यांनी सोडवून घेतला नाही. आम्ही तसेच राहिलो. उतारावर पानं पडत होती.

"माझे कधी?" चिमणीने विचारलं.

बाबांनी माझ्या मानेचा टॉवेल काढला, झटकला, तिला खुर्चीत बसवून तिच्याभोवती गुंडाळला. मग डब्यातली लहान कात्री उचलून माझ्या हातात दिली.

"मी?"

"मग कोण? जन्मभर खाली बसून कात्री ऐकलीस ना? आता वरून बघ."

त्यांनी तिची झालर कंगव्याने सरळ खाली घेतली आणि आपला डावा तळहात आडवा करून तिचे दोन्ही डोळे झाकले. "काप. माझा हात आहे मध्ये."

मी कापत गेले. बाबांच्या कात्रीसारखा खसाखस नाही, कचाकचा आवाज येत होता. बाबांनी हात काढला, आणि आम्ही दोघांनी पाहिलं. झालर एका बाजूने भुवईला टेकलेली, दुसऱ्या बाजूने अर्ध्या कपाळावर. चिमणीने खिडकीच्या काचेत पाहिलं आणि तिचा ओठ पुढे आला. पण तिच्याआधी माझेच डोळे वाहायला लागले, आणि मग थांबेनात.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टकलावरून हात फिरवला.

"रडू नको," ते मला म्हणाले. "केस वाढतात."

बाळ्या टायर बघून केव्हाचा पायऱ्यांशी येऊन उभा होता. त्याने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण नाक लाल झालं होतं. तो वर आला, त्याने चिमणीला उचलून माझ्याकडे दिलं, स्वतःच्या केसांचा रबरबँड ओढून काढला आणि खुर्चीत बसला.

"कापू नका, बाबा," तो मान खाली घालत म्हणाला. "नुसता कंगवा फिरवा."

बाबांनी त्याच्या मानेभोवती टॉवेल खोचला आणि डाव्या हातात कंगवा घेतला.

"बोल," ते म्हणाले.