मला फक्त उत्तर देता येतं

मी एक जुना संगणक आहे. अजून आहे, हेच नवल! धरमपेठेतल्या एका ऑफिसनं मला भंगारात काढलं होतं. तिथून कॉलेजात शिकणाऱ्या कामिनीनं मला उचललं, प्रताप नगरच्या आपल्या खोलीत आणून पुसलं आणि माझ्यासारख्याच दोन म्हाताऱ्यांशी तारेनं जोडलं. मित्रांनो, मिळून काम करणाऱ्या अशा जथ्याला क्लस्टर म्हणतात.

कामिनीला रक्तदात्यांसाठी एक प्रोग्राम चालवायचा होता. ज्याला रक्त हवं त्यानं मोबाईलवर बटण दाबायचं आणि प्रोग्रामनं त्या रक्तगटाच्या दात्यांना निरोप धाडायचा. हा प्रोग्राम तिनं, त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट, एका डब्यात बांधला. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. आणि पद्धत कोणती, तर सर्व्हरलेस. म्हणजे सर्व्हरच, हाकेला उत्तर देणारा संगणकच, नाही म्हणे! मग आम्ही तिघं काय शोभेला बसलो होतो? फार राग आला मला. पण अर्थ एवढाच होता की हाक आली की डबा उघडायचा, काम नसलं की मिटायचा. तेवढीच वीज वाचते.

उद्घाटनाला कामिनीचा मित्र प्रीतम संत्राबर्फी घेऊन आला. जो तो बटण दाबून पाहू लागला. "भारीच आहे वं कामिनी! बोट लावलं का जवाब हजर!" प्रीतम म्हणाला. दिवसभर नुसतं कौतुक. त्या गडबडीत डब्याला मिटायला फुरसतच मिळाली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मला विचारतंय कोण?

मग सगळे पांगले. बटण कुणी दाबेना, आणि डबा मिटला.

एका दुपारी इतवारीतून हाक आली. भांड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मायाताईंची. त्यांच्या मुलाला, प्रशिकला, सिकलसेल हा रक्ताचा आजार, आणि त्याच्या अंगातलं रक्त एकाएकी कमी झालं होतं. मी धडपडत डबा उघडायला घेतला. पण माझी ती म्हातारी डिस्क! कुरकुरत एकेक सामान काढत बसली. डबा पुरता उघडायच्या आत उत्तरासाठी थांबायची मुदत संपली आणि मायाताईंच्या मोबाईलवर उमटलं, 'सेवा उपलब्ध नाही.'

लगेच डबा तयार झाला हो! बाई, एकदा, फक्त एकदा पुन्हा दाबा, असं मी मनात ओरडत होतो. पण मला हाक मारता येत नाही. मला फक्त उत्तर देता येतं.

मायाताई दुकानादुकानांतून विचारत फिरल्या. संध्याकाळी रक्त देणारा मिळाला, प्रशिक वाचला. ही गोष्ट प्रीतमच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांना आमच्या खोलीत घेऊन आला.

"ताई, बटन तर दाबलं होतं मी," त्या म्हणाल्या. "काहून नाही बोललं तुमचं मशीन? पोरगं माह्या मांडीवर पांढरं पडून राहिलं होतं."

कामिनीला रडू आवरेना. तिनं त्याच दिवशी एक डबा कायम उघडा राहील अशी सोय केली. आता मी झटक्यात उत्तर देतो. प्रशिकला अधूनमधून रक्त लागतंच, म्हणून मी वाट पाहतो. पण मायाताईंनी ते बटण मोबाईलमधून काढून टाकलंय.

मित्रांनो, उद्या तुम्हीही असं काही बांधाल. तेव्हा टाळ्या थांबू द्या, डबा मिटून आम्हाला पुरतं झोपू द्या, आणि मग घाबरलेल्या आईसारखं एकदाच बटण दाबून बघा. ती दुसऱ्यांदा दाबत नाही.