सप्टेंबरचा कागद

दोन सत्रं संपली तेव्हा दोन्ही बाजूंचे दोन-दोन गोल झाले होते. उरली होती वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांवर डार्सी ह्रिनचुकची कोचची नोकरी लटकत होती. क्लबचे अध्यक्ष सकाळीच सांगून गेले होते, आज हरलात तर उद्या नवा माणूस. बारा वर्षं हा गडी बर्फावर हॉकी खेळून पोट भरत होता, गोलांपेक्षा ठोसेच जास्त मारले. त्याला दुसरं येतंय काय? मध्यंतरी गव्हाच्या कोठारावर कामाला लागला, तर यंत्रांच्या आवाजाने डोकं फुटायची वेळ आली आणि आठवड्यात घरी बसला. कोचिंग म्हणजे बुडत्याला काडी होती.

खेळाडूंच्या खोलीत नोलन बाकावर बसला होता. एकोणीस वर्षांचा, संघातला सगळ्यात तेज खेळाडू. सत्र संपता संपता एकाने त्याला असा रेटला की डोकं कठड्याच्या काचेवर दाणकन आपटलं. संघाची दुखणीखुपणी बघणारी लॉर्ना, गावातली जुनी नर्स, हातात कागद घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

"पाच शब्द सांगितले, तीन आठवले. महिने उलटे म्हणताना मार्च गाळला," ती डार्सीला म्हणाली. "पण सप्टेंबरच्या चाचणीतही तीनच आठवले होते, अन् तेव्हाही एक महिना खाल्ला होता. कागदावर तरी पोरगं होतं तसंच आहे. खेळू दे?"

नोलनने कोचकडे बघून हळूच डोळा मारला.

सप्टेंबरात, पहिल्याच प्रवासात, बसमध्ये डार्सीनेच पोरांना ही शक्कल शिकवली होती. हंगामाआधीच्या चाचणीत मुद्दाम ढ व्हायचं, म्हणजे हिवाळ्यात डोकं आपटलं तरी कागदावर फरक दिसत नाही. "बारा वर्षं कुणाच्या बापाला सापडलो नाही," असं छाती फुगवून सांगितलं होतं. सगळी बस खो खो हसली होती. नवा कोच पोरांना आवडावा, एवढीच हौस. हौसेपायी माणूस आपल्या हाताने धोंडा उचलून पायावर पाडतो, आणि इथे तर पाय दुसऱ्याचा होता.

नोलन दिव्याकडे बघायचं टाळत होता. बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत होता. डार्सीला ती लक्षणं पाठ होती, बाकी काही पाठ राहत नसलं तरी.

गप्प बसलं की झालं. वीसच मिनिटं. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, कारण त्याला रडू येत होतं.

"लॉर्ना, तो कागद खोटा आहे. ह्याचा एकट्याचा नाही, सगळ्यांचेच असतील. मीच शिकवलं त्यांना."

लॉर्ना त्याला शाळेपासून ओळखत होती. "अरे डार्सी, हे मला वर कळवावं लागेल. मग जिंकलास काय अन् हरलास काय. कुठलाच क्लब तुला दारात उभं करणार नाही."

"आत्ताच लिही. उद्या विचारलंस तर मला आठवेलच असं नाही."

नोलन ताडकन उठला आणि तोल जाऊन परत बसला. "कोच, डोकं फिरलंय का तुमचं? मोठ्या संघाची माणसं आलीत आज, मला बघायला. माझ्या जागी तुम्ही असता तर खेळला असता."

"खेळलोच की."

"मग? काय बिघडलं तुमचं?"

डार्सीने बाही वर सारली. मनगटावर पांढरी चिकटपट्टी होती. पोरांना वाटे, कोच तिच्यावर डावपेच लिहून आणतो. नोलनने वाचलं. वीस आकडे, वीस नावं, प्रत्येकापुढे खूण: तांबडे केस, तुटका दात, डावखुरा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, घर, पाण्याच्या टाकीपासून डावीकडे.

गावात रस्ते मोजून तीन होते.

नोलनने पट्टीवर तळहात ठेवला. "माझं नाव काय?" त्याने विचारलं. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता.

डार्सी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. ह्या पोराने अठ्ठावीस गोल मारले होते. ह्याच्या आईने नाताळात पेरोगी पाठवल्या होत्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या, आत बटाटा आणि चीज. नाव सकाळी होतं. बाहेर तिसऱ्या सत्राचा भोंगा वाजला तरी तो शोधतच होता.

नोलन वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला.