खुर्ची खाली जाऊ लागली तेव्हा

मी एक जुनी कंडरा आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी म्हणजे कंडरा. माझा मुक्काम ताईच्या उजव्या खांद्यात, हाडांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. ताई केस कापते. तिचा हात वर जातो तो माझ्या जिवावर, पण आरशात कौतुक होतं केसांचं. मला कोण विचारतंय!

ताई आणि तिची धाकटी बहीण मिळून दुकान चालवतात. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, फळीवर टॉवेलांचा ढीग. वर्षानुवर्षं मी कंगवा, कात्री आणि तो वजनदार ड्रायर पेलला, कधी कुरकुर केली नाही. पण चिवट असले तरी मी काही लोखंडाची नाही, आणि माझ्यापर्यंत रक्तही बेताचंच पोचतं. एके दुपारी वरच्या फळीवरून टॉवेलांचं गाठोडं खेचताना माझे काही धागे तटकन तुटले.

मग सूज आली. तिला सगळे नावं ठेवतात, मी मात्र तिची बाजू घेणार. सूज म्हणजे घरात काही झालं की धावत येणारी तोंडाळ आत्या. आल्या आल्या घर डोक्यावर घेते, पण मोडलंतुटलं झाडून काढते तीच आणि झोपलेल्यांना उठवते तीही तीच. माझ्या धाग्यांमध्ये मूळपेशी राहतात. एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, गुपचूप पडून असतात. आत्याची हाक आली की जाग्या होतात, एकीच्या दोन होतात आणि नवे धागे विणायला बसतात. काय सांगू त्या पोरींचं कौतुक! डोळ्यांना दिसत नाहीत, पण काम डोंगराएवढं करतात.

काम उरकलं की आत्याने आपल्या घरी जायला हवं. ताईने ते होऊच दिलं नाही. ती गोळी घ्यायची, दुखणं दाबायची आणि पुन्हा ड्रायर उचलायची. मला रोज नवी इजा, म्हणून आत्याचा रोज मुक्काम. त्या सततच्या गोंधळात माझ्या पोरीही बावचळल्या. सरळ धागा विणायचा सोडून कशीबशी ठिगळं लावू लागल्या.

ताई हे लपवत होती ते दिलेल्या शब्दासाठी. शेजारच्या शाळेतल्या बाई मोठ्या आजारातून उठल्या होत्या. औषधांनी त्यांचे सगळे केस गेले, तेव्हा ताई त्यांना म्हणाली होती, "केस परत आले की पहिली कात्री माझी." आता बाईंच्या डोक्यावर लव दिसू लागली होती. एकदा का हात खाली ठेवला की तो पुन्हा वर जायचा नाही, अशी ताईला धास्ती.

हात वर जाईना, म्हणून तिने खुर्चीच खाली घेतली. रोज थोडी थोडी. उंच गिऱ्हाइकांचे गुडघे हनुवटीला टेकायला लागले. धाकटीला वाटलं, खुर्ची बिघडली.

एक दिवस बाई टोपी घालून गप्पा मारायला आल्या आणि त्या खुर्चीत बसल्या ते पार तळाला गेल्या. वर्गातल्या खोड्या पकडण्यात त्यांची हयात गेलेली. बिघाड खुर्चीत नाही, ताईच्या खांद्यात आहे, हे त्यांनी ताडलं आणि तिला हात वर करून दाखवायला सांगितलं. हात अर्ध्यातच थांबला आणि ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बाई, तुमचे केस..."

"माझे केस कुठे पळून जात नाहीत," बाई म्हणाल्या. "मला पडून राहा म्हणून तूच दटावत होतीस ना? आता तुझी पाळी."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वजन उचलणं बंद, पण हात बांधून ठेवायचा नाही, सांगितलेला व्यायाम हळूहळू करायचा. धाकटीने ड्रायर आपल्या हातात घेतला. मला विसावा मिळाला, आत्या कुरकुरत का होईना घरी गेली, आणि माझ्या पोरी पुन्हा नीट विणायला बसल्या. मला फार वेळ लागतो हो! पण बाईंच्या केसांनाही लागत होता. त्यांच्या केसांच्या मुळाशीही अशाच झोपलेल्या मूळपेशी जाग्या होत होत्या. दर आठवड्याला ताई आणि बाई एकमेकींना विचारायच्या, कुठवर आलं?

मी पहिल्यासारखी झाले नाही. ठिगळ आहे, थंडीत जरा आखडते. पण परवा बाई आल्या, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसल्या. ताईने पायाने पेडल दाबलं आणि खुर्ची वर वर आली, अगदी पूर्वीच्या उंचीपर्यंत. ताईचा हात कात्री घेऊन उचलला गेला. मी जीव मुठीत धरून बसले होते, पण सगळे धागे टिकले. एक पांढरी बट जमिनीवर पडली आणि दोघी आरशात बघून रडल्या.

मित्रांनो, दुखलं तर खुर्ची खाली करू नका, कोणाला तरी सांगा. तुमच्या आतल्या पोरींनाही थोडा वेळ द्या. त्या उठतात, मी पाहिलंय.